त्या सात पोरांच्या पायी

आमच्या घरात समोरच्या भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. त्या भिंतीवर दुसरे काही लावायचे नाही, असा सासूबाईंचा नियम आहे आणि आम्ही सर्वजण तो पाळतो. म्हणून माझ्या लेकीने ती सात पोरे लोखंडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. पहाटे साडेपाचला साडी काढायला मी कपाट उघडते, तेव्हा सातही जण माझ्याकडे पाहून हसत असतात. गोरीगोमटी, कानांत डूल, केस कोणाचे निळे तर कोणाचे गुलाबी. सासूबाईंनी पहिल्यांदा ते चित्र पाहिले तेव्हा विचारले, "ह्या पोरींची लग्नं झाली का गं?"

वाचक भगिनींनो, ज्यांच्या घरी शाळा-कॉलेजात जाणारी मुलगी आहे त्यांना बीटीएस हे नाव सांगावे लागणार नाही. इतरांसाठी सांगते. दक्षिण कोरियातील सात तरुणांचा हा गाणारा-नाचणारा संच. पूर्ण नाव बांगतान सोन्योन्दान. त्याचा अर्थ, लेक सांगते त्याप्रमाणे, बंदुकीच्या गोळीलाही न जुमानणारी पोरे. १३ जून २०१३ रोजी ते लोकांपुढे आले. तेव्हा त्यांची कंपनी लहान होती आणि बड्या कंपन्यांच्या गायकांपुढे त्यांना फारसे कोणी विचारत नव्हते. त्यांतली बरीच पोरे राजधानीबाहेरची, कोणी देगूचा, कोणी ग्वांगजूचा, कोणी बुसानचा. पुढे २०२० साली त्यांचे 'डायनामाइट' हे इंग्रजी गाणे अमेरिकेतील बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. त्यांच्या चाहत्यांना 'आर्मी' म्हणतात. माझी लेकही त्या सैन्यात आहे, हे मला कळले तेव्हा ती भरती होऊन सहा महिने झाले होते.

झाले असे की, २०२० साली शाळा-कॉलेजे बंद पडली आणि अकरावीचे वर्ग फोनवर सुरू झाले. मी पतपेढीतून कर्ज काढून साडेनऊ हजारांचा फोन घेऊन दिला. अभ्यास होतो की नाही, हे पाहायला घरी होते कोण? यजमान कारखान्यात पाळीने जातात. मी एका खाजगी कचेरीत हिशेब विभागात कारकून. लॉकडाऊन शिथिल झाल्यावर कल्याण ते मशीद बंदर असा प्रवास पुन्हा सुरू झाला. घरी यायला रात्रीचे आठ. रविवारी विहारात बायकांच्या बचत गटाची सभा, कोणाचे शिष्यवृत्तीचे अर्ज, कोणाचे रेशनकार्डाचे काम. वस्तीत कोणाच्या घरात काय चालले आहे, हे मला पाठ असायचे. माझ्या घरातले तेवढे राहून गेले होते.

रात्री अकरा वाजता चादरीखाली उजेड दिसे आणि दाबून धरलेले हसणे ऐकू येई. आईच्या मनात जी शंका येते तीच माझ्या मनात आली. एके रात्री चादर ओढली. फोनवर मुलगा नव्हता, अकरा मुली होत्या. आणि त्या हसत होत्या कशाला? तर त्या संचाचा पुढारी नामजून याने आणखी एक वस्तू मोडली होती म्हणून.

हा नामजून मोठा हुशार. २०१८ साली संयुक्त राष्ट्रसंघात त्याने भाषण केले आहे. पण हाताचा भारी धसमुसळा. चष्मा मोडतो, दाराची मूठ हातात येते, जे धरील ते तुटते. चाहत्यांनी त्याला 'विध्वंसाचा देव' अशी पदवी देऊन टाकली आहे. दुसरा, थोरला जिन. त्याला पाणचट कोट्या करायची खोड, आणि कोटी केली की इतरांच्या आधी तोच हसतो, तेही मोटारीच्या काचेवर वायपर घासावा तसे. कोट्या कोरियन भाषेतल्या. मग कोणीतरी कोरियन जाणणारी मुलगी, फुकट, रात्र जागून त्यांचे इंग्रजी करते. त्यावरून दुसरी आपल्या भाषेत सांगते. माझी लेकही लहान मुलींसाठी मराठी करून द्यायची. मी म्हटले, मलाही सांग. तिने एक कोटी तीनदा समजावून सांगितली. मला हसू आले नाही. ती मात्र तिन्ही वेळा हसली.

खरे सांगायचे तर मला राग येत होता. वाटे, हा सारा पैसेवाल्यांचा धंदा, आणि पोरी त्यात फसल्या. आजही ते मत मी पूर्ण सोडलेले नाही. एकाच गाण्यांच्या संचाची चार-चार पाकिटे घ्यायची, कारण आत वेगवेगळ्या पोराचे फोटोकार्ड निघते. गाणे पहिल्या क्रमांकावर यावे म्हणून रात्ररात्र तेच वाजवत ठेवायचे. दुसऱ्या संचाच्या चाहत्यांशी शिवीगाळीपर्यंत भांडायचे. वस्तू मागवून देतो म्हणून पैसे घ्यायचे आणि गायब व्हायचे, असेही प्रकार होतात. आमच्या घरी पाकिटे घेण्याइतके पैसेच नसल्यामुळे त्या एका बाबतीत आम्ही वाचलो. फोटोकार्डे लेकीने रंगीत झेरॉक्स काढून, पुठ्ठ्यावर चिकटवून घरीच केली.

त्या अकराजणी कोण कुठल्या? एक कोचीची, दोघी मालेगावच्या, एक कोलकात्याची, एक इंदूरची, एक मणिपूरची, बाकीच्या इकडच्या-तिकडच्या. एकमेकींना त्या 'उन्नी' म्हणतात. कोरियात धाकटी बहीण थोरलीला उन्नी म्हणते. सर्वांत लहान ती 'मकने', म्हणजे आपले शेंडेफळ. आवडत्या पोराला म्हणायचे 'बायस'. 'मी तुला जांभळे करते' असेही म्हणतात. हा शब्दप्रयोग त्यांच्यातल्या व्ही नावाच्या पोराने २०१६ साली काढला. इंद्रधनुष्यात जांभळा रंग शेवटचा, म्हणजे शेवटपर्यंत विश्वास आणि माया, असा त्याचा अर्थ. आमच्याकडे कोणी मला जांभळे करते म्हणाले असते तर मी पोलिसांत गेले असते.

त्यांच्या गटात एक गोष्ट मात्र माझ्या पहिल्याच दिवशी ध्यानात आली. कोणाचेच आडनाव नव्हते. सगळ्यांची घेतलेली नावे. मी लेकीला विचारले, "ही मालेगावची कोण? ही इंदूरची कोणाची?" ती म्हणाली, "आई, तसं आम्ही विचारत नाही." मी गप्प बसले. वीस वर्षे नोकरी करते आहे. नव्या जागी गेले की पहिल्या चहाच्या आत आडनाव विचारले जाते आणि दुसऱ्या चहाच्या आत गाव. तिने तिच्या सोळाव्या वर्षी अशी एक जागा शोधली होती, जिथे पहिला प्रश्न 'तुझा बायस कोण' हा होता.

मणिपूरची ती मुलगी गटात सर्वांत जाणती. तिचे कोरियनही बरे. मला नवल वाटले, तेव्हा लेकीने मला त्यामागचा इतिहास सांगितला. २००० साली मणिपुरात एका सशस्त्र संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली. चित्रपटगृहांत हिंदी सिनेमा लागेना. ती जागा कोरियन मालिकांनी भरून काढली. अरिरांग नावाची कोरियन वाहिनी तिकडे घराघरांत दिसू लागली, सीडी फिरू लागल्या. म्हणजे ही मुलगी जन्मली तीच कोरियन मालिकांच्या आवाजात. आपल्याकडे आता आलेले वेड तिच्या आईच्या वयाचे आहे.

आता माझे मत थोडे कसे पालटले ते सांगते. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत देशभरातल्या आर्मींनी मदतनिधी उभा केला. ते मोठे काम. पण माझ्या डोळ्यांसमोर घडले ते लहान. इंदूरच्या मुलीचे वडील आजारी पडले. प्राणवायूच्या सिलिंडरसाठी अनामत भरायची होती. गटातल्या मुलींनी कोणी पन्नास, कोणी दोनशे असे करून ३,८४० रुपये जमवले. हिशेब माझ्या लेकीकडे. मी बी. कॉम. झालेली बाई, पहिला प्रश्न केला, "वही कुठाय?" तिने शाळेची जुनी वही पुढे केली. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, प्रत्येक रकमेपुढे तारीख, पावतीचा फोटो गटात टाकल्याची खूण. सिलिंडर परत केल्यावर अनामतीचे जे पैसे आले, तेही ज्याचे त्याला हिश्श्याने परत केलेले. मी दोनदा बेरीज केली. पैशाचीही चूक नव्हती. आमच्या बचत गटाच्या वहीत असते, हे मी इथे कबूल करते.

मग लेक धीट झाली आणि मला एकेक सांगू लागली. कोरियात म्हणे कलाकाराच्या कार्यक्रमाला चाहते फुलांच्या चक्रांऐवजी तांदळाच्या गोण्या पाठवतात. वर त्याच्या नावाची फीत, आणि नंतर तो तांदूळ गोरगरिबांना जातो. मी म्हटले, हे तर आपल्या 'एक वही, एक पेन'सारखे झाले. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर हार-मेणबत्ती आणण्याऐवजी वही आणि पेन आणा, ही हाक आपल्या तरुणांनी दिली आणि तीही प्रथम फेसबुकवरूनच पसरली. लेक म्हणाली, "मग? तुम्ही केलं तर चळवळ आणि आम्ही केलं तर वेड?" तिचे ते बोलणे मला लागले. पण मी तसे दाखवले नाही.

आणखी एक तिने सांगितले. २०२० च्या मे महिन्यात अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा पोलिसांच्या हातून जीव गेला आणि तिथे आंदोलन पेटले. जूनमध्ये बीटीएस आणि त्यांच्या कंपनीने त्या चळवळीला दहा लाख डॉलर दिले. ते कळताच चाहत्यांनी ठरवले, आपणही तेवढेच द्यायचे. आणि जगभरातून पै-पै करून साधारण एका दिवसात दहा लाख डॉलर जमवले. आमच्या पिढीला ब्लॅक पँथर हे शब्द ठाऊक आहेत. १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव तिथूनच घेतले. ते माझ्या लेकीला मी सांगायला हवे होते. अमेरिकेतल्या काळ्यांची गोष्ट तिला त्या सात पोरांच्या पायी कळली, मग तिने मला विचारले आणि मग मी पँथरबद्दल बोलले. क्रम उलटा झाला. असो.

हे सारे चालले असताना बारावीचा निकाल आला. ८ जून २०२२. लेकीला अठ्ठावन्न टक्के मिळाले. माझी अपेक्षा पंचाहत्तरची होती आणि ती मी वस्तीभर बोलून दाखवली होती. त्या दिवशी ती रडली नाही. मी काही बोलले नाही. न बोलणे म्हणजे काय, हे मुलींना बरोबर कळते. सहा दिवसांनी, १४ जूनला, मी कामावरून आले तर ही भिंतीकडे तोंड करून हुंदके देत बसलेली. मला वाटले, आता अक्कल आली. विचारले तर कळले, त्या सात पोरांनी जेवणाच्या टेबलावर बसून जाहीर केले होते की आता काही काळ संच म्हणून थांबतो, प्रत्येकजण आपापले काम करतो.

माझा तोल गेला. "मार्कांसाठी डोळ्यातून टिपूस नाही आणि त्या परक्या पोरांसाठी घागरभर?" असे म्हणून मी कपाट उघडले आणि चित्र ओढून फाडले. लेक एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. जेवण ताटात तसेच. सासूबाई मला म्हणाल्या, "पोर तुटली तर सांधायची कशी?" मी म्हटले, होईल गप्प, होईल सरळ. बाईने वस्तीतली किती भांडणे मिटवली असतील, तिला स्वतःच्या लेकीशी बोलायला तोंड नव्हते.

तिसऱ्या रात्री साडेदहाला माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडे एक मुलगी, मोडकीतोडकी हिंदी. "आंटी, मैं मणिपुर से. आप उसको आज अकेला मत सोने देना." मग तिने जे सांगितले ते ऐकून माझ्या हातापायांतले बळ गेले. माझी लेक तीन रात्री गटात लिहीत होती की मी कशाच्या कामाची नाही, मी नसते तर बरे. त्या मुलींनी पाळ्या लावल्या होत्या. रात्री एकपर्यंत कोचीची, मग मालेगावच्या दोघी, आणि पहाटे मणिपूरची, कारण त्यांच्याकडे जूनमध्ये साडेचारच्या सुमारास उजाडते. कोणी समजूत घालत होती, कोणी नामजूनच्या फुटक्या चष्म्याची चित्रे धाडत होती, म्हणजे ती एकदा तरी हसेल आणि उत्तर देईल. उत्तर आले की कळायचे, जागी आहे, ठीक आहे. पण त्यांना वाटले, हे आता आपल्या आवाक्यातले नाही, घरच्यांना सांगायला हवे. कोरोनाच्या वेळी प्रत्येकीने घरातल्या एका मोठ्या माणसाचा नंबर वहीत लिहून दिला होता. माझ्या लेकीच्या वहीत, तिच्याच अक्षरात, सर्वांना धाडलेला माझा नंबर.

माझ्यात आणि माझ्या लेकीत चार फूट अंतर होते. ती पलंगावर, मी खाली. आणि हे मला तीन हजार किलोमीटरवरून कळवले गेले.

मी उठले आणि तिच्याशेजारी जाऊन पडले. बऱ्याच वेळाने ती बोलली. म्हणाली, "मार्क कळले तेव्हा मी रडले असते, तर तू पण रडली असतीस. म्हणून नाही रडले." मग म्हणाली, "ते म्हणाले, आम्ही दमलोय. सगळ्या जगासमोर म्हणाले. मला पण म्हणायचं होतं, दमले." दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. वीस वर्षांत आजारपण आणि मयत सोडून टाकलेली ती पहिली रजा. आम्ही दोघी सरकारी दवाखान्यात समुपदेशक बाईंकडे गेलो. पुढे चार महिने जात राहिलो. फाडलेले चित्र मी कचऱ्याच्या डब्यातून काढून चिकटपट्टीने जोडले. शुगा नावाच्या पोराच्या कपाळावरून एक चीर गेली आहे, ती अजून दिसते. लेक म्हणते, त्यालाच शोभते. २०१६ साली त्याने आपल्या मनाच्या आजारावर गाणी लिहिली होती.

आपल्या वस्तीत असे घडले तर बाया म्हणतात, बाहेरची बाधा आहे, नाहीतर म्हणतात, नाटके करते. मी स्वतः दुसऱ्या गटातली होते. म्हणून हे छापून येऊ दे म्हटले, लेकीला विचारूनच लिहिते आहे. तिची एकच अट होती, मार्क लिहायचे नाहीत. नंतर म्हणाली, "लिही, आता काय."

यावरून ती मुले म्हणजे सारा गोडवा असे समजू नका. पुढे पदवीचे प्रवेश सुरू झाले. गटातल्या एकीने, गाव सांगत नाही, यादीवरून एक विनोद टाकला. 'कोटा' असेल तर नामजूनने मोडलेली खुर्चीही पहिल्या वर्गात पास होईल, असा काहीसा. तिघीजणी हसल्या. माझी लेक दोन दिवस काही लिहिना. मला धास्ती बसली. पण या वेळी ती माझ्यापाशी आली, फोन दाखवला आणि विचारले, "काय लिहू?" मला वीस उत्तरे सुचली, भाषणे केलेली बाई मी. ती म्हणाली, "नको, मीच लिहिते." तिने एवढेच लिहिले की ती खुर्ची मी आहे, माझी आजी झाडू खात्यात होती, आणि आता हसा. बराच वेळ गटात कोणी बोलेना. मग मणिपूरच्या मुलीने लिहिले की दिल्लीत तिच्या बहिणीला रस्त्यात कोणत्या नावाने हाक मारतात. मग मालेगावच्या एकीने लिहिले, मुंबईत त्यांना भाड्याने खोली का मिळाली नाही. त्या रात्री पहिल्यांदा त्या अकराजणींनी एकमेकींना आपापली खरी नावे सांगितली. दोन वर्षे रोज बोलत होत्या!

विनोद करणारी गट सोडून गेली. दोन महिन्यांनी परत आली आणि एका ओळीत 'सॉरी' लिहिले. लेकीने तिला घेतले. मी घेतले नसते. यावर आमचे अजून एकमत नाही.

पुढच्या वर्षी ३ मे २०२३ रोजी मणिपुरात हिंसाचार उसळला आणि इंटरनेट बंद झाले. मणिपूरची ती मुलगी एकाएकी गटातून नाहीशी झाली. तिच्या शेवटच्या निरोपाला दोन दिवस झाले, चार झाले. टीव्हीवर जळती घरे. मी विचारले, "ती कोणत्या बाजूची?" लेकीने माझ्याकडे असे पाहिले की मी प्रश्न गिळला. मग तिलाच आठवले, "आई, तुझ्या फोनमध्ये तिचा नंबर आहे." होता. जून २०२२ पासून तो मी 'मणिपूर' या नावाने जपून ठेवला होता. लावला, बंद. रोज रात्री जेवणे झाली की लावायचा. बंद.

इकडे गटातल्या मुलींनी काय केले? रोज एक विनोद टाकायचा, तिच्या नावाने. ती आली की वाचील, म्हणून. जिन तर डिसेंबर २०२२ मध्येच सक्तीच्या लष्करी नोकरीत गेला होता, त्यामुळे नव्या कोट्यांचा तुटवडा. मग मुली स्वतःच पाणचट कोट्या करू लागल्या, आणि खाली 'जिनकडून, छावणीतून' असे लिहू लागल्या. विनोदांची रांग वाढत चालली, उत्तर नाही. मला ते पाहवत नसे.

सोळाव्या दिवशी फोन लागला. ती नातेवाईकांकडे होती, घर मागे राहिले होते. आवाज म्हातारीसारखा झाला होता. मला काय बोलावे कळेना. मी विचारले, "खाना खाया?" ती म्हणाली, "हां आंटी." पुढे दोघीही गप्प. लेकीने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "उन्नी, तुझी सोळा दिवसांची टपाल आहे. वाचू का?" आणि तिने पहिल्या दिवसापासून वाचायला सुरुवात केली, एकेक कोटी, हिंदीत. मी भाकऱ्या थापत होते. तिसऱ्या की चौथ्या कोटीला पलीकडून हसण्याचा आवाज आला, नंतर रडण्याचा, आणि लेक वाचतच राहिली.

तिकडे तारेवरचे इंटरनेट जुलैअखेर अटींवर थोडेफार सुरू झाले. मोबाइलवरचे सप्टेंबरात दोन-तीन दिवस येऊन पुन्हा गेले, ते डिसेंबरपर्यंत रखडले. तोवर आमच्या घरचा फोन हेच त्या गटाचे टपालखाते. रोज रात्री नऊ वाजता दहा मिनिटे. यजमान दुसऱ्या पाळीला असत तेव्हा मीही दोन-चार वेळा वाचून दाखवले. माझ्या तोंडून कोटी ऐकून ती जास्त हसायची. कोटीला नव्हे, माझ्या हिंदीला.

२०२५ च्या जूनमध्ये सातही पोरे लष्करी नोकरी संपवून मोकळी झाली. त्यानंतर दोन महिन्यांनी ती आमच्याकडे आली. बंगलोरला परिचारिकेचे शिक्षण घेते, सुट्टीत मुंबई पाहायची होती. कल्याणला फलाटावर दोघी एकमेकींना पाहून आधी लाजल्या, मग अशा ओरडल्या की हमालाने गाठोडे खाली ठेवले. घरी मी सुक्या बोंबलाचे कालवण केले होते. दार बंद करू का, वास जातो, असे मी विचारणार, तोच ती खोल श्वास घेऊन म्हणाली, "आंटी, हमारे घर में भी ऐसा ही सूखा मच्छी." दोनदा भात घेतला.

जेवणे झाल्यावर सासूबाईंनी त्या दोघींना कपाट उघडायला लावले. चश्मा लावून त्या चित्राजवळ गेल्या. "ह्यातला भांडीकुंडी मोडणारा कोणता?" मणिपूरच्या मुलीने नामजूनवर बोट ठेवले. सासूबाईंनी त्याला नीट न्याहाळले आणि म्हणाल्या, "दिसतो तर गरीब. पण ह्याला घरी आणू नका बायांनो. कपबश्या चारच राहिल्यात."